सर विल्यम वेडरबर्न : यादीतल्या एका नावाची गोष्ट

आपल्या हॉस्टेलवर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे कमी नाहीत. त्यांच्या गाईडमध्ये काँग्रेसच्या अधिवेशनांचा एक तक्ता असतो. १८८५ मुंबई, व्योमेशचंद्र बॅनर्जी. १८८६ कलकत्ता, दादाभाई नौरोजी. १८८७ मद्रास, बद्रुद्दीन तय्यबजी. १८८८ अलाहाबाद, जॉर्ज यूल. १८८९ मुंबई, सर विल्यम वेडरबर्न. पुढे बरंच खाली गेलं की १९१० अलाहाबादच्या समोर पुन्हा तेच नाव येतं, वेडरबर्न. पाठ करणारा पाठ करतो, पहिला इंग्रज अध्यक्ष कोण असा प्रश्न आला तर यूलला टिक मारतो आणि पान उलटतो. खरं तर यूल काय आणि वेडरबर्न काय, दोघेही स्कॉटलंडचे. पण आपल्याकडे गोरा दिसला की तो इंग्रज!

मित्रांनो, या वेडरबर्न साहेबांवर लिहायचं कारण परीक्षा नाही. कारण आपल्या घरातलं आहे. आपल्यातले बरेचजण शेतकऱ्यांची मुलं-मुली आहेत. ॲडमिशनच्या वेळी घरी काय ओढाताण झाली, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायला कुणाकुणाकडून हातउसने घ्यावे लागले, हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथल्या इतिहासात कायदे होते, लढाया होत्या, व्हाइसरॉय होते. पण शेतकरी कर्जात का बुडतो हा प्रश्न एखाद्या ब्रिटिश न्यायाधीशाला पडला होता, हे काही कुठे आलं नाही. तो प्रश्न वेडरबर्न यांना पडला होता, आणि तोही आजपासून सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, आपल्याच महाराष्ट्रात.

विल्यम वेडरबर्न यांचा जन्म २५ मार्च १८३८ रोजी एडिंबरो इथे झाला. घराणं जुनं आणि सरदारी, पण त्याचा इतिहास मोठा विचित्र आहे. त्यांच्या पणजोबांनी इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या बंडात भाग घेतला म्हणून १७४६ मध्ये त्यांना लंडनमध्ये फासावर चढवलं गेलं. आजोबा जमैका बेटावर गेले आणि उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या कष्टातून श्रीमंत होऊन परत आले. येताना त्यांनी जोसेफ नाईट नावाचा एक गुलाम सोबत आणला होता. तो नाईट पुढे त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेला, आणि १७७८ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ कोर्टाने निकाल दिला की आमच्या कायद्यात गुलामगिरीला जागा नाही. म्हणजे ज्या घरात एक जण राजाविरुद्ध लढून मेला, त्याच घरात पुढच्या पिढीने माणसं मालकीची ठेवली. नातवाने यातला कोणता वारसा उचलला ते पुढे दिसेलच.

वडील मुंबई इलाख्यात सरकारी नोकरीत होते. थोरला भाऊ जॉन हाही भारतात अधिकारी होता. १८५७ च्या उठावात आत्ताच्या हरियाणातल्या हिस्सार इथे जॉन, त्याची बायको आणि लहान मूल असे तिघेही मारले गेले. विल्यम तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्याच वयाचे. एवढं घडल्यावर एखाद्याने या देशाचं नावही घेतलं नसतं, नाहीतर सूड म्हणून आला असता. विल्यम यांनी १८५९ मध्ये सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा दिली, तिसरा नंबर मिळवला आणि १८६० मध्ये मुंबई इलाख्यात रुजू झाले. पुढची सत्तावीस वर्षं त्यांनी इथे नोकरी केली, आणि त्या सगळ्या काळात त्यांच्या वागण्यात सूडाची खूण दिसत नाही.

सुरुवातीला धारवाडला असिस्टंट कलेक्टर, मग न्यायखात्यात, १८७४ मध्ये सिंधमध्ये ज्युडिशियल कमिशनर, नंतर पुण्याला जिल्हा न्यायाधीश अशी त्यांची बढती होत गेली. कागदावर पाहिलं तर सरळ, यशस्वी करिअर. पण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून त्यांना एक गोष्ट खुपत होती. ती समजून घ्यायची तर त्या वेळच्या दख्खनमधल्या शेतकऱ्याची अवस्था पाहावी लागेल.

पेशवाईतही सावकार होता आणि कर्जही होतं. पण सावकार गावात राहायचा, वसुलीसाठी त्याला गावाची मर्जी सांभाळावी लागायची, पंचांपुढे बसावं लागायचं. जमीन लिलावात काढणं सहज शक्य नव्हतं. इंग्रजांनी रयतवारी आणली. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर जमीन, तिच्यावर ठरलेला सारा, तोही रोख आणि ठरलेल्या तारखेला. पीक येवो न येवो, सारा भरायचाच. रोख पैसा आणायचा कुठून? सावकाराकडून. शिवाय जमीन आता गहाण टाकता येत होती आणि विकता येत होती, त्यामुळे सावकारही खुशाल कर्ज देऊ लागला. आणि सर्वात मोठा बदल म्हणजे दिवाणी कोर्ट. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. कागदावर अंगठा उमटवला की झालं. सावकार तो कागद घेऊन तालुक्याच्या कोर्टात जायचा, शेतकरी हजरच राहायचा नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा निघायचा.

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा थोडं गणित करू. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरा, आणि दरवर्षी व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद. १०० रुपयांचे तीन वर्षांत जवळजवळ १९१ होतात. दहा वर्षांत होतात सुमारे ८५९! यात शेतकऱ्याने दारू प्यायली की लग्नात उधळपट्टी केली, हा प्रश्न येतच नाही. नुसतं सूत्रच त्याला खाऊन टाकतं.

त्यातच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांवर उठले, आणि बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की लोकांचा रोख माणसं मारण्यावर नव्हता. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे आणि हुकूमनामे काढून घ्यायचे आणि जाळायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपल्या गळ्यात फास कशाचा आहे हे बरोबर कळत होतं.

सरकारने चौकशी कमिशन नेमलं. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला. मग १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. त्यानुसार कोर्टाला नुसत्या कागदावर न थांबता मागचा सगळा हिशोब उकरून पाहता येऊ लागला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे या कायद्याशी इथल्या शेतकऱ्याचा संबंध आला नाही. पण काळी जमीन, कापूस, पाऊस आणि सावकार हे चारही इकडे तेच होते.

वेडरबर्न यांचं म्हणणं असं, की कायदा चांगला आहे पण अर्धा आहे. सावकाराचे हात बांधलेत, ठीक. पण पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला बियाण्याला, बैलाला पैसा लागणार तो लागणारच. सावकाराने हात आखडता घेतला तर तो देणार कोण? दुखणं व्याजाचं आहे आणि स्वस्त कर्जाचा दुसरा रस्ता नाही, हे मूळ कारण. त्यांनी शेतकऱ्याला आळशी म्हटलं नाही आणि सावकारालाही राक्षस ठरवलं नाही. यंत्रणाच अशी बसवली आहे की तिच्यातून हेच बाहेर पडणार, हे त्यांनी ओळखलं. आणि ती यंत्रणा चालवणाऱ्यांत आपणही एक आहोत, हे त्यांनी नाकारलं नाही. न्यायाधीश म्हणून कायद्याप्रमाणे दिलेला निकालसुद्धा अन्याय करू शकतो, हे मान्य करायला हिंमत लागते.

यावर त्यांनी जो उपाय मांडला तो म्हणजे शेतकी बँक. जर्मनीत रायफायझेन नावाच्या गृहस्थांनी खेड्यांत पतसंस्था उभ्या केल्या होत्या, ते उदाहरण डोळ्यांसमोर होतं. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची त्यांना मोलाची साथ मिळाली. रानडे तेव्हा याच कर्जनिवारण कायद्याखालचं काम पाहत होते, त्यामुळे खेड्यातली कर्जं त्यांना कागदावरून नव्हे तर प्रत्यक्ष माहीत होती. योजना साधारण अशी होती. आधी तडजोड करून शेतकऱ्याचं जुनं कर्ज किती खरं ते ठरवायचं आणि सरकारने पैसा पुरवून ते एकदाच मिटवायचं. मग बँकेने माफक व्याजाने शेतीसाठी कर्ज द्यायचं. बँकेचं भांडवल इथल्याच पैसेवाल्यांनी घालायचं, म्हणजे सावकारी करणाऱ्यांनाही सरळ मार्गाने पैसा गुंतवायला जागा मिळेल. वसुली महसूल खात्यामार्फत करायची. आणि सगळीकडे एकदम न करता आधी एकाच तालुक्यात करून पाहायचं. तालुका निवडला पुरंदर. आजच्या भाषेत ज्याला आपण पायलट प्रोजेक्ट म्हणतो ते हेच!

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने ही योजना उचलून धरली आणि मंजुरीसाठी लंडनला पाठवली. लंडनच्या इंडिया ऑफिसने ती फेटाळली. पुरंदर तालुक्यात एकही शेतकी बँक निघाली नाही. फाईल बंद.

पुण्यात असताना त्यांनी आणखीही कामं केली. रानडे, भांडारकर आदी मंडळी मुलींसाठी हायस्कूल काढायच्या खटपटीत होती, तेव्हा वेडरबर्न यांनी आपला दिवंगत भाऊ डेव्हिड याच्या स्मरणार्थ देणगी दिली. ती शाळा १८८४ मध्ये सुरू झाली, तीच पुण्याची हुजूरपागा. याच वर्षी टिळक-आगरकर मंडळींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिच्याही पाठीशी ते उभे राहिले. डेव्हिड १८८२ मध्ये वारले आणि घराण्याचा सर हा किताब विल्यम यांच्याकडे आला.

रिपन यांच्या सुधारणांना आणि इल्बर्ट बिलाला त्यांनी उघड पाठिंबा दिला. इल्बर्ट बिल म्हणजे हिंदी न्यायाधीशापुढे गोऱ्या आरोपीचा खटला चालू शकेल असा प्रस्ताव. त्यावर इथला गोरा समाज किती खवळला होता ते आपण शाळेत शिकलोय. अशा माणसाला त्याच्याच लोकांत किंमत काय राहणार? १८८५ मध्ये मुंबई हायकोर्टात हंगामी न्यायाधीश म्हणून बसले, पण तिथे कायम नेमणूक झाली नाही. १८८७ मध्ये मुंबई सरकारचे हंगामी चीफ सेक्रेटरी असताना ते निवृत्त झाले. वय एकोणपन्नास.

इथून पुढे त्यांनी एस्टेटीवर आरामात राहायला हरकत नव्हती. पण खरं राजकारण इथूनच सुरू झालं. भारताबद्दलचे निर्णय शेवटी लंडनमध्ये होतात, हे पुरंदरच्या फाईलने त्यांना शिकवलं असणार. जुलै १८८९ मध्ये लंडनमध्ये काँग्रेसची ब्रिटिश कमिटी स्थापन झाली. वेडरबर्न तिचे चेअरमन झाले आणि मरेपर्यंत तेच काम करत राहिले. १८९० पासून कमिटीने इंडिया नावाचं नियतकालिक काढलं. भारतातून ठरलेले पैसे वेळेवर यायचे नाहीत, तेव्हा साहेब आपल्या खिशातून भर घालायचे.

डिसेंबर १८८९ मध्ये ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. योगायोग असा की प्रतिनिधींची संख्याही १८८९ भरली. पार्लमेंटमधले भारताचे मित्र चार्ल्स ब्रॅडलॉ मुद्दाम आले होते. टिळक, गोखले दोघेही तरुण, दोघेही हजर. पंडिता रमाबाईंसारख्या महिला प्रतिनिधीही या अधिवेशनात होत्या. ज्याचा सख्खा भाऊ १८५७ मध्ये मारला गेला, तो बत्तीस वर्षांनी हिंदी लोकांच्या राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला!

१८९३ मध्ये स्कॉटलंडच्या बॅन्फशायर मतदारसंघातून लिबरल पक्षाच्या तिकिटावर ते पार्लमेंटवर निवडून आले. ईशान्य किनाऱ्यावरचा हा भाग, मतदार कोळी आणि शेतकरी. भारताबद्दल बोलून तिथे एक मत वाढणार नव्हतं. तरीही त्यांनी पार्लमेंटमध्ये भारताशी सहानुभूती असलेल्या सभासदांची एक कमिटी बांधली आणि तिचं नेतृत्व केलं. कोट्यवधी लोकांच्या देशाचं बजेट तिथे अधिवेशनाच्या शेवटी शेवटी, जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे चर्चेला यायचं. त्या रिकाम्या बाकांपुढे हा माणूस उभा राहून सारा, दुष्काळ, लष्कराचा खर्च आणि सरहद्दीवरच्या लढाया यांवर बोलत राहिला.

यूपीएससी करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा त्या वेळी फक्त लंडनमध्ये होत असे. ती इंग्लंड आणि भारतात एकाच वेळी घ्यावी असा ठराव २ जून १८९३ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये मंजूर झाला. दादाभाई नौरोजी तेव्हा खासदार होते. वेडरबर्न आणि त्यांची कमिटी या ठरावाच्या बाजूने होती. ठराव जिंकला, पण सरकारने अंमलबजावणी केली नाही. भारतात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडलं, म्हणजे तब्बल एकोणतीस वर्षं!

१८९५ मध्ये भारतातल्या सरकारी खर्चाची चौकशी करायला लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. वेडरबर्न, नौरोजी आणि केन हे तिघे त्यावर भारताच्या बाजूचे सभासद. या कमिशनपुढे साक्ष द्यायला १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले. तिशीतला पुण्याचा प्राध्यापक, पहिल्यांदाच विलायतेत. साक्ष उत्तम झाली. पण त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती, आणि गोऱ्या सोल्जरांनी घरं तपासताना केलेल्या अत्याचारांची पत्रं गोखल्यांना येत होती. त्यांनी ती हकीकत तिथल्या वर्तमानपत्रातून मांडली, वेडरबर्न यांच्या पुढाकाराने खासदारांनाही सांगितली. इतक्यात २२ जूनला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वातावरण एकदम तापलं. सरकारने आरोप साफ नाकारले. गोखले परत आले तर पत्रं लिहिणारे पुरावा द्यायला पुढे येईनात. शेवटी गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. इथे लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं आणि तिकडे सरकारधार्जिण्यांनी खोटारडा.

यात वेडरबर्न यांचीही पंचाईत झाली, कारण त्यांनीच या तरुणाला पार्लमेंटच्या मंडळींपुढे उभं केलं होतं. हात झटकून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. गोखल्यांचा हेतू प्रामाणिक होता हे ते धरून राहिले आणि त्यांना पुन्हा उभं राहायला धीर दिला. पुढे गोखले जेव्हा जेव्हा इंग्लंडला गेले, तेव्हा वेडरबर्न हा त्यांचा हक्काचा आधार होता. दोघांच्या वयात अठ्ठावीस वर्षांचं अंतर. हे नातं १९१५ मध्ये गोखले वारले तोपर्यंत टिकलं. आपल्यापैकी कुणाचं मोठं अपयश पाहून कुणी वडीलधाऱ्याने पाठीवर हात ठेवला असेल, तर त्याला याची किंमत कळेल.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. १९०० मध्ये वेडरबर्न पार्लमेंटमधून बाहेर पडले होते, पण १९०१ मध्ये त्यांनी इंडियन फॅमिन युनियन नावाची संस्था काढली. तिची मागणी अगदी साधी होती. काही निवडक खेडी घ्या, घरोघर जाऊन शेतकऱ्याचं उत्पन्न किती, सारा किती, कर्ज किती, खायला काय, याची नीट पाहणी करा. मग दुष्काळ का पडतो यावर बोलू. सरकार म्हणायचं पाऊस पडला नाही म्हणून दुष्काळ. हे म्हणायचे पाऊस तर पूर्वीही चुकायचा, एका वर्षाच्या पावसाने माणूस मरतो म्हणजे त्याच्याजवळ शिल्लक काहीच नाही, ती का नाही ते बघा. आपल्याला सर लोक प्रत्येक प्रॅक्टिकलला सांगतात की आधी रीडिंग घ्या, मग निष्कर्ष काढा. सरकारने रीडिंग घ्यायलाच नकार दिला.

१९१० मध्ये वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते बोटीने पुन्हा भारतात आले आणि अलाहाबाद काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली होती, टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाल्यामुळे हिंदू-मुसलमान पुढारी एकमेकांपासून दूर गेले होते. या वयात एवढा प्रवास करून त्यांनी जानेवारी १९११ च्या सुरुवातीला अलाहाबादलाच दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांची समेटाची बैठक घडवून आणली. ताबडतोब निष्पन्न फारसं झालं नाही. पाच वर्षांनी, १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि लीगचा करार झाला. तो पाहायला ते हयात होते. २५ जानेवारी १९१८ रोजी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरजवळच्या आपल्या घरी त्यांचं निधन झालं.

आता हिशोब मांडू. शेतकी बँक फेटाळली गेली. परीक्षेचा ठराव बासनात गेला. खेड्यांची पाहणी नाकारली गेली. समेटाची बैठक अर्धवट राहिली. आपल्या मार्कशीटच्या भाषेत बोलायचं तर बहुतेक विषयांत केटी! पण तारखा पाहा. १९०४ मध्ये सरकारने स्वतःच सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. पुरंदरची बँक नाकारल्याला तेव्हा सुमारे वीस वर्षं झाली होती. त्याच कायद्याच्या वाटेने पुढे महाराष्ट्रातली सहकारी चळवळ आली, जिल्हा बँका आल्या, आणि आपल्या गावातली विविध कार्यकारी सोसायटीही आली. आपले वडील, काका ज्या सोसायटीच्या ओट्यावर बसतात, तिच्या मागे कुठेतरी लांबवर पुरंदरची ती बंद झालेली फाईल आहे.

फक्त कौतुक करून थांबणंही बरोबर नाही. ब्रिटिश माणसाला सत्य समजावून सांगितलं की तो न्याय करील, यावर वेडरबर्न यांचा शेवटपर्यंत विश्वास होता. अर्ज-विनंत्यांच्या या मार्गावर टिळकांच्या बाजूचे लोक सडकून टीका करायचे, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच गांधीजींच्या काँग्रेसने लंडनची कमिटी आणि तिचं नियतकालिक दोन्ही बंद केलं, कारण आता लढाई इथे लढायची होती. शिवाय त्यांच्या बँकेची वसुली महसूल खात्याने करायची होती. साऱ्यासाठी जप्ती आणणारा माणूसच बँकेसाठी दारात आला असता तर शेतकऱ्याला फरक किती जाणवला असता, हाही प्रश्न आहे. आणि एक गोष्ट विसरू नये. ज्या पुण्यात वेडरबर्न आणि रानडे बँकेचा आराखडा करत होते, त्याच पुण्यात त्याच सुमारास महात्मा फुले शेतकऱ्याचा असूड लिहीत होते. सावकार, कोर्ट आणि सरकारी कचेरी यांत शेतकरी कसा भरडला जातो ते फुल्यांनी शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं, वेडरबर्न यांनी न्यायाधीशाच्या खुर्चीतून पाहिलं. दोघांना दिसलं ते बरंचसं एकच.

आज कर्जमाफी हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. २००८ मध्ये केंद्राची झाली, २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याची झाली. बुडणाऱ्याला त्या क्षणी हात देणं गरजेचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जुनं कर्ज मिटवल्यावर पुढच्या पेरणीला पैसा कुठून येणार, हा वेडरबर्न यांचा प्रश्न प्रत्येक माफीनंतर पुन्हा उभा राहतो. बँकेने नाही म्हटलं, सोसायटी थकीत निघाली, की शेतकरी शेवटी कुणाच्या दारात जातो हे आपल्याला माहीत आहे. मराठवाड्यातल्या आत्महत्यांच्या बातम्या आपण पेपरमध्ये वाचतो आणि मेसमध्ये जेवायला जातो. या मातीशी रक्ताचं नातं नसलेला, उलट ज्याचा भाऊ या देशात मारला गेला तो माणूस हा प्रश्न घेऊन आयुष्यभर लढला. मग आपण तर याच मातीतले.

आपल्यातला कुणी उद्या बँकेत लागेल, कुणी एमपीएससीतून तहसीलदार होईल, कुणी पाटबंधारे खात्यात जाईल, कुणी पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत बसून याच बँकांची प्रणाली लिहील. समोर फाईल येईल, नियम बरोबर असेल, आणि तरीही सही केल्यावर कुणाचं तरी घर मोडणार असेल. तेव्हा नियमाकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं, की हा नियम असं का करतो म्हणून मुळापर्यंत जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं आहे. वेडरबर्न यांनी दुसरा रस्ता घेतला. तो फार वेळा हरवणारा रस्ता आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

गाईडमधला तो तक्ता पुढच्या वेळी पाठ कराल तेव्हा १८८९ आणि १९१० च्या ओळीवर जरा थांबा, एवढीच विनंती.